सोफ्यामागची भिंत आणि दालीची घड्याळे

पत्र : "नमस्कार. आम्ही ठाण्यात नुकतेच नवीन घरात राहायला आलो आहोत. दिवाणखान्यात सोफ्यामागे साडेनऊ फूट रुंदीची मोकळी भिंत आहे. अकरावीत असताना एका पुस्तकात साल्वादोर दालीचे वितळणाऱ्या घड्याळांचे चित्र पाहिले होते आणि तेव्हापासून ते मनात घर करून बसले आहे. आता ते ॲक्रिलिकच्या पारदर्शक शीटवर छापून 4 × 3 फुटांच्या आकारात लावावे असे वाटते. दुकानदार म्हणतो की ॲक्रिलिकवर रंग जिवंत दिसतात, पाच तुकड्यांचा संचही करून मिळेल, सोबत प्रमाणपत्र देऊ आणि पुढे किंमत वाढेल. यजमानांचे म्हणणे कॅनव्हास घ्यावा असे आहे. सासूबाई म्हणतात की बंद घड्याळे घरात नकोत आणि समोरच्या भिंतीवर तर नकोतच. काय करावे? – एक वाचक, ठाणे"

सप्रेम नमस्कार.

तुम्ही विचारलेल्या प्रश्नांकडे वळण्याआधी, तुम्ही न विचारलेला एक प्रश्न मी पुढे आणते, कारण बाकीची बरीच उत्तरे त्याच्यावर अवलंबून आहेत. मूळ चित्र केवढे आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे का? 'द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी' हे दालीने 1931 साली रंगवलेले तैलचित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे आणि त्याचे माप अवघे 24 × 33 सेंटिमीटर आहे. झेरॉक्सच्या दुकानातला साधा ए-फोर कागद आडवा धरा आणि त्याला चहूबाजूंनी बोट-दीड बोट वाढवा, एवढेच ते चित्र आहे. जगभर इतक्या मोठाल्या भित्तिपत्रकांवर ते छापले गेले आहे की प्रत्यक्ष पाहायला जाणारे लोक दालनात शिरल्यावर भलत्याच आकाराचे काहीतरी शोधत असतात.

तुमच्या 4 × 3 फुटांत हे चित्र क्षेत्रफळाने सुमारे 14 पट मोठे होईल. मोठे केल्याने बिघडते काय, असे तुम्ही विचाराल. अतिवास्तववादी (सर्रिअलिस्ट) चित्रकारांची, निदान दालीची, सारी करामत अशी होती की स्वप्नात दिसावे तसले अशक्य दृश्य इतक्या बारकाईने आणि इतक्या खरेपणाने रंगवायचे की पाहणाऱ्याला ते नाकारता येऊ नये. डावीकडच्या कोपऱ्यात एक नारिंगी घड्याळ पालथे पडले आहे आणि त्याच्यावर मुंग्या जमल्या आहेत. त्याच्या शेजारी चौथऱ्यावरून ओघळणाऱ्या घड्याळावर एक माशी बसली आहे. मूळ चित्रात त्या मुंग्या पाहायला माणसाला वाकून जवळ जावे लागते आणि त्या जवळ जाण्यातच चित्र अंगावर येते. चार फुटांच्या पाटीवर त्याच मुंग्या सोफ्यावर बसल्या बसल्या दिसू लागतात, कडा भोंगळ होतात आणि स्वप्नाची जाहिरात होते. म्हणून माझे स्पष्ट मत असे की भिंतीच्या मापाने चित्र मागवण्याऐवजी ज्या मापात ते काढले गेले त्याच्या आसपासच्या मापात ते घ्यावे आणि मग त्याच्यासाठी घरातली जागा शोधावी.

दुकानदार सांगतो ते अगदीच खोटे नाही. ॲक्रिलिकमधून सुमारे 92 टक्के प्रकाश आरपार जातो, त्यामुळे त्यामागचे रंग गडद आणि ओले दिसतात. रंगाचे जाड थर ठेवणाऱ्या चित्रकाराची प्रत ॲक्रिलिकमागे गेली की त्या थरांचा जीव जातो. याच पंथाच्या माक्स अर्न्स्ट या चित्रकाराने खडबडीत लाकडावर कागद वा कॅनव्हास ठेवून, घासून-खरवडून उमटवलेले पोत तर तिथे पार सपाट होऊन जातात. दाली आणि बेल्जियन अतिवास्तववादी चित्रकार रेने माग्रीत यांचा रंगलेप मात्र मुळातच गुळगुळीत आहे, त्यामुळे या दोघांच्या चित्रांना ॲक्रिलिक सोसते. याच कारणाने मी तुमच्या यजमानांच्या कॅनव्हासच्या आग्रहाला दुजोरा देणार नाही. कॅनव्हासवर छापलेल्या प्रतीत विणीचे दाणे सगळीकडे सारखे उठून दिसतात आणि ते मुंगीच्या पायांपेक्षा जाड असतात.

ॲक्रिलिकची खरी अडचण प्रतिबिंबाची आहे. चकचकीत पृष्ठभागामागे चित्राचा जो भाग काळोखा असतो तो आरशासारखे काम करतो. दालीच्या या चित्राचा जवळजवळ निम्मा भाग, म्हणजे खालचा सगळा पुढचा पट्टा, गडद तपकिरी छायेत आहे. उजेड आहे तो फक्त वरच्या अंगाला, समुद्रावर आणि स्पेनमधल्या काताल्युन्याच्या किनाऱ्यावरच्या सोनेरी कड्यांवर. म्हणजे तुमच्या दिवाणखान्यात घड्याळांच्या जागी समोरचा टीव्ही, छतावरचे दिवे आणि बाल्कनीचे दार दिसत राहील. याची परीक्षा घरच्या घरी होते. रात्री आठच्या सुमारास नेहमीचे सगळे दिवे लावा, एकाला बंद पडद्याचा मोबाइल किंवा टॅब भिंतीवर चित्राच्या जागी धरायला सांगा आणि तुम्ही जिथे बसता तिथून पाहा. पडद्यात जे दिसेल तेच तुम्हाला चित्राच्या काळोख्या भागात रोज दिसणार आहे. हीच परीक्षा दुपारी पडदे उघडे ठेवून पुन्हा करा. चकाकी फार वाटली तर मॅट पृष्ठभागाचे ॲक्रिलिक मागता येते; त्यात रंगाचा ओलेपणा थोडा कमी होतो, पण चित्र दिसते.

आता त्या मोठ्या भिंतीसाठी माझी सूचना. तुम्हाला अतिवास्तववादी चित्रच हवे असेल, तर माग्रीतच्या 'गोलकोंडा' या चित्राचा विचार करा. 1953 सालचे हे तैलचित्र अमेरिकेत ह्यूस्टनच्या मेनिल संग्रहात आहे आणि ते साधारण 80 × 100 सेंटिमीटरचे आहे, म्हणजे सव्वातीन फुटांहून किंचित अधिक रुंद. तुमच्या सोफ्यामागे ते मूळ आकारातच बसेल. फिक्या निळ्या आकाशात काळे ओव्हरकोट आणि गोल हॅट घातलेले कितीतरी पुरुष ओळीने तरंगत आहेत, मागे ब्रुसेल्सच्या उपनगरात असतात तशी लाल छपरांची घरे आहेत, आणि ते पुरुष पावसासारखे पडत आहेत, वर चढत आहेत की नुसतेच थांबले आहेत, हे चित्र सांगत नाही. नाव आपल्या दख्खनच्याच गोवळकोंड्याचे, त्याच्या हिरे-संपत्तीच्या दंतकथेवरून घेतलेले. ते माग्रीतचा कवी-मित्र लुई स्क्युतनेर याने सुचवले आणि उजवीकडच्या घराच्या धुराड्याजवळ जो माणूस आहे त्याला माग्रीतने याच मित्राचा चेहरा दिला. असे चित्र घरात वर्षानुवर्षे पुरते, कारण प्रत्येक पाहुणा आधी सगळे पुरुष एकसारखे आहेत असे म्हणतो आणि मग एकेकाचा चेहरा पाहू लागतो.

ॲक्रिलिकच्या दृष्टीनेही ते सोयीचे आहे. बहुतेक पृष्ठभाग उजळ असल्याने प्रतिबिंब फारसे जाणवत नाही. माग्रीत तरुणपणी वॉलपेपरच्या कारखान्यात नक्षीकाम करत असे आणि पुढे जाहिरातींची पोस्टरे काढून त्याने पोट भरले. त्याच्या चित्रांतली सपाट, स्वच्छ मांडणी छपाईला टिकून राहते, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही.

पाच तुकड्यांच्या संचाविषयी मात्र मला तडजोड करवत नाही. तुकड्यांमधल्या फटीत चित्राचे काही इंच हरवतात किंवा ते ताणून भरले जातात. 'गोलकोंडा'त एखादा माणूस खांद्यापासून कापला जाईल. दालीच्या चित्रात मधोमध आडवा पडलेला तो पापण्या मिटलेला पांढरट चेहरा दुभंगेल. ज्या चित्रकाराने काय कुठे ठेवायचे याचा इतका विचार केला, त्याच्या चित्राला भिंत भरण्यासाठी कात्री लावू नये. भिंतीची मोकळी जागा मोकळीच राहू द्या. साडेनऊ फुटांत सव्वातीन फुटांचे चित्र बिचारे दिसेल असे तुम्हाला वाटेल, पण दोन्ही बाजूंना शांत भिंत असली की नजर आपोआप चित्रावर जाते.

कात्री आणखी एका रूपात येते आणि ती कुणाच्या लक्षात येत नाही. दुकानांचे तयार आकार ठरलेले असतात, 36 × 24 इंच हा त्यांतला फार चालणारा. दालीच्या चित्राची रुंदी उंचीच्या सुमारे 1.37 पट आहे, तर या आकाराची दीडपट. म्हणजे तो भरायचा तर वरून-खालून मिळून चित्राचा जवळजवळ अकरावा हिस्सा छाटला जातो. म्हणून मागणी नोंदवताना दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये लिहून द्या, 'चित्र कापू नये, ताणू नये' असे लेखी कळवा आणि छापण्यापूर्वी पूर्ण चित्राचा नमुना मागवून संग्रहालयाच्या संकेतस्थळावरील प्रतिमेशी कडेकडेने ताडून पाहा.

प्रमाणपत्र आणि 'पुढे किंमत वाढेल' हे दोन्ही विसरून जा. छापील प्रत ही आवडीची वस्तू आहे, गुंतवणूक नव्हे. दालीच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे, कारण त्याने उतारवयात कोऱ्या कागदांवर हजारोंनी सह्या करून ठेवल्या आणि त्यामुळे त्याच्या सही केलेल्या मुद्राचित्रांचा बाजार आजवर संशयाने ग्रासलेला आहे. ॲक्रिलिकवर दिसणारी सही तर चित्राबरोबर छापलेली असते.

विचारण्याजोगा कागद वेगळा आहे : छापण्याचा हक्क कुणाकडून घेतला? आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रकाराच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून 60 वर्षे हक्क टिकतो. माग्रीत 1967 साली गेला, म्हणून त्याच्या चित्रांवरचा हक्क भारतात 2027 च्या अखेरीपर्यंत आहे. दाली 1989 साली गेला, म्हणून त्याचा 2049 च्या अखेरीपर्यंत. युरोपात ही मुदत साधारणपणे 70 वर्षांची आहे. दालीचे हक्क त्याच्या फिगेरस या गावी असलेले गाला-साल्वादोर दाली प्रतिष्ठान सांभाळते. रीतसर परवानगीने छापलेल्या प्रतीवर हक्कधारकाचा उल्लेख असतो आणि विचारल्यावर विक्रेता तो दाखवतो. इंटरनेटवरून उतरवलेल्या फाइलवरून छापणारा 'मॅडम, सगळेच छापतात' असे म्हणतो. तिथून निघावे. हे मी केवळ कायद्यासाठी सांगत नाही. परवानगी घेणाऱ्याला चांगली फाइल मिळते, आणि ज्याची फाइल चोरीची त्याचे रंगही बहुधा अंदाजाचेच असतात. इव्ह तांगी हा या पंथाचा आणखी एक समर्थ चित्रकार 1955 साली वारला, त्यामुळे त्याची चित्रे भारतात 2016 पासून मुक्त आहेत. समुद्रतळासारख्या धूसर मैदानांवर विसावलेले त्याचे निनावी आकार तुम्ही एकदा पाहावेत असे मला फार वाटते.

फाइलचा साधा हिशेब असा. जवळून पाहायच्या चित्राला इंचाला 300 ठिपके असावेत, भिंतीवरच्या मोठ्या चित्राला 150 चालतात. 'गोलकोंडा' मूळ आकारात छापायचे तर फाइल किमान 4700 × 5900 पिक्सेलची हवी. त्याहून लहान फाइल यंत्राने फुगवली की खिडक्यांचे पडदे आणि चेहऱ्यांचे नाकडोळे लोण्यासारखे पुसट होतात. पूर्ण छपाईआधी वीतभर नमुना छापून मागा आणि त्यात छपराच्या कौलांचा व दोन-तीन चेहऱ्यांचा भाग घ्यायला सांगा.

'ॲक्रिलिकवर छपाई' या एकाच नावाखाली बाजारात तीन निरनिराळ्या वस्तू मिळतात, म्हणून पद्धत कोणती हे विचारल्याशिवाय दराची तुलना करू नका. पहिल्या प्रकारात छापलेला व्हिनाइल स्टिकर शीटमागे चिकटवतात. दुसऱ्यात यूव्ही शाईने, म्हणजे अतिनील प्रकाशात सुकणाऱ्या शाईने, शीटच्या मागच्या बाजूला उलटे चित्र छापून त्यावर पांढऱ्या शाईचा थर देतात. तिसऱ्यात उत्तम कागदावरची छपाई पारदर्शक चिकट थराने शीटमागे कायमची बसवतात. पहिला प्रकार सर्वांत स्वस्त असतो आणि त्याबद्दल मी अनुभवाने बोलते आहे. माझ्या घरी एका ओळखीच्या दुकानातून घेतलेले असेच एक चित्र बाहेरच्या भिंतीवर होते. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच्या खालच्या कोपऱ्यात मोहरीएवढे चंदेरी बुडबुडे दिसू लागले, दिवाळीपर्यंत ते एकमेकांत मिसळून बोटभर लांबीचा पापुद्रा झाला आणि दुकानदाराने 'हवेमुळे होते' म्हणून हात झटकले. तुमच्यासाठी यूव्ही छपाई पुरेशी आहे, फक्त पांढरा थर सलग आहे ना ते पाहा. चित्र खिडकीसमोर धरले की टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसत असतील तर ते परत करा. शीट 'कास्ट' प्रकारची, म्हणजे साच्यात ओतून बनवलेली, आणि निदान 5 एमएम जाडीची असावी. कडा बोटाने चाचपून पाहा. करवतीच्या रेघा लागता कामा नयेत, कड काचेसारखी पारदर्शक असली पाहिजे.

अर्थात याहून चांगला, पण दुकानदार कधीच सुचवत नाहीत असा मार्ग म्हणजे संग्रहालयाच्या दुकानातून किंवा परवानाधारक प्रकाशकाकडून कागदावरची प्रत घ्यावी आणि चांगल्या फ्रेमवाल्याकडून काचेऐवजी ॲक्रिलिकची शीट लावून फ्रेम करून घ्यावी. कागद आणि शीट यांच्यामध्ये माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या जाड पुठ्ठ्याच्या चौकटीची, जागा राहते, त्यामुळे दमट हवेत कागद शीटला चिकटत नाही आणि शीटवर ओरखडा उठला तर तेवढी शीट बदलता येते. फ्रेमविरहित तरंगते रूप तुमच्या मनात पक्के असेल तर गोष्ट वेगळी. मला स्वतःला या चित्रांभोवती साधी, बारीक लाकडी चौकट बरी वाटते.

टांगण्याविषयी थोडे. मूळ आकारातल्या 'गोलकोंडा'ची 5 एमएम शीट पावणेपाच किलोंच्या आसपास भरेल. दुहेरी चिकटपट्टीवर तिचा भरवसा ठेवू नये. नवीन इमारतींत काही भिंती काँक्रीटच्या, तर काही हलक्या ब्लॉकच्या असतात आणि दोन्हींना वेगळे प्लग लागतात, तेव्हा भोके पाडण्यापूर्वी भिंत कोणती ते बिल्डरच्या नकाशावरून खात्री करून घ्या. स्टीलच्या स्टँड-ऑफवर, म्हणजे शीट भिंतीपासून थोडी दूर धरणाऱ्या खुंट्यांवर, बसवणार असाल तर शीटमधली भोके बोल्टपेक्षा थोडी मोठी ठेवायला सांगा, कारण ॲक्रिलिक उन्हाळ्यात पसरते. मीटरभर लांबीत 20 अंशांच्या फरकाला सुमारे दीड मिलिमीटर. घट्ट आवळलेल्या बोल्टपासून तडा जायला तेवढे पुरते. दुपारचे थेट ऊन ज्या भिंतीवर येते ती टाळा. पुसायला काच साफ करायचा फवारा वापरू नका. त्यातल्या अमोनिया किंवा अल्कोहोलमुळे ॲक्रिलिकवर बारीक जाळी पडते आणि ती पुन्हा जात नाही. आधी धूळ फुंकरीने किंवा मऊ पिसाऱ्याने उडवावी, मग साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवून पिळलेल्या मायक्रोफायबरच्या कापडाने न दाबता पुसावे. घरी कामाला येणाऱ्या ताईंनाही हे आवर्जून सांगा, त्यांचा हात रोजचा.

सासूबाईंचा मुद्दा मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण तो मला सर्वांत वजनदार वाटतो. घड्याळ बंद पडले की भिंतीवरून उतरवायचे आणि सुरू होईपर्यंत लावायचे नाही, ही आपल्याकडच्या कितीतरी घरांची जुनी रीत आहे. दालीला ही घड्याळे मऊ पडलेल्या कामांबेर चीजवरून सुचली, असे त्याने स्वतः लिहून ठेवले आहे, आणि ती बंद पडलेली नसून मऊ पडलेली आहेत, असा युक्तिवाद तुम्हाला सासूबाईंपुढे करता येईल. तो करू नका. त्या दिवसातले सर्वाधिक तास त्याच दिवाणखान्यात घालवत असतील, तर त्या भिंतीवर त्यांचाही तितकाच हक्क आहे आणि जे चित्र पाहून एका माणसाच्या मनात रोज खुट्ट होते ते घराच्या मध्यभागी शोभत नाही. 'गोलकोंडा'ची प्रतिमा त्यांना आधी मोठ्या पडद्यावर दाखवा, त्या काय म्हणतात ते ऐका आणि त्यांची पसंती मिळाल्यावरच पैसे भरा.

दाली मात्र सोडू नका. इतकी वर्षे जपलेली आवड आहे ती. परवानगीने छापलेली प्रत 24 × 33 सेंटिमीटरच्या मूळ आकारातच घ्या आणि ती तुमच्या अभ्यासाच्या किंवा कामाच्या टेबलाशेजारच्या, खिडकीचे ऊन न येणाऱ्या भिंतीवर, बसल्यावर डोळ्यांच्या पातळीला येईल अशी लावा. थोडे पुढे वाकल्यावर त्या नारिंगी घड्याळावरच्या मुंग्यांचे पाय वेगवेगळे दिसले, तर प्रत चांगली आहे असे समजा. नाही दिसले, तर ती बदलून मागा.